पागेतली नवी घोडी

“ही कसली टिकतेय? चार दिवसांत वीटभट्टीवर जाईल,” जुने घोडे आपसांत म्हणाले. ते नव्या पारवीने ऐकलं.

फार पूर्वीची, लष्कराच्या पागेतली ही गोष्ट. तिथे गव्हाणीत हरभरा ओतला, की घोड्यांना आवाजाची सवय व्हावी म्हणून शेजारीच बंदुकीचा बार काढत. बाराला बिचकून तीनदा पळालेल्या घोड्याला वीटभट्टीवर धाडत. पारवी दोनदा पळाली होती.

“काय सूनबाई, आज कुठपर्यंत?” म्हाताऱ्या अबलखने विचारलं.

 त्या दिवशी पारवीने बंदुकीऐवजी जुन्यांकडे पाहिलं. बार झाला. सगळ्यांची कातडी थरथरली, पण तोंड कुणीच वर काढलं नाही. पारवीचीही थरथरली, तरी ती हरभरा चावत राहिली.

“घाबरली नाहीस?” अबलख म्हणाला.

“घाबरले की, मामंजी. तुम्ही सगळे घाबरता, तेवढीच.”