तीन उजेडांचा शेला

एका राज्यात एके दिवशी राजे दोन झाले. शिकारीला गेला एक अरिंजय, वेशीतून आत आले दोन. तोच चेहरा, तीच चाल, भुवईवर तोच व्रण. वेशीवरची साळुंकी म्हणाली, "एक आला, एक आणला." पण पाखराच्या बोलण्याकडे लक्ष देतो कोण?

दोघांच्या खांद्यांवर नीलवेलीच्या रसात रंगवलेला राजशेला होता. त्या शेल्यावरूनच राजा ओळखायचा, अशी तिथली रीत. दोघे महालात शिरले, तसा एकाचा शेला पांढराफटक पडला. दुसऱ्याचा निळाच राहिला.

"रंग उडाला तो तोतया," प्रधान म्हणाला. "दिवस मावळायच्या आत याला आंधळ्या विहिरीत लोटा." रयतेनं माना डोलावल्या. तिनं राजा पाहिला होता तो सदा उघड्या दरबारात, भर उन्हात, निळा.

"राणी, तू तरी ओळख," पांढऱ्या शेल्याचा म्हणाला.

राणी केतकावलीनं त्याचा शेला निरखला. ऊन लागलं की निळा, सावलीत पांढरा, हा त्या शेल्याचा धर्म. दालनात तिनं तो कायम पांढराच पाहिला होता. पण घरातला राजा बायकोशिवाय पाहतो कोण, आणि तिच्या शब्दाला साक्षीदार आणायचा कुठून?

निळ्या शेल्याचा जवळ आला. "चल केतकी, दमलीस." आवाज हुबेहूब त्याचाच. अंगाला मात्र घामाचा नव्हे, शेवाळाचा वास. रानातल्या तळ्यातला मांत्रिक माणसांची रूपं उचलतो, हे राणीनं ऐकलं होतं.

"प्रधानजी, या शेल्यांना तीन उजेड दाखवा, मग काय ते करा," ती म्हणाली.

उन्हात नेले, दोघे निळे. सावलीत आणले, एक निळा, एक पांढरा.

"हे आम्ही पाहिलंच, राणीसाहेब. तिसरा उजेड कुठला?"

राणीनं समई उचलली. पांढऱ्या शेल्याच्या काठाशी ज्योत नेली, तशी तांबडी अक्षरं उमटली : परत या. राजा शिकारीला निघाला की ती गुपचूप नीलवेलीच्या बियांच्या तेलानं एवढंच लिहीत असे. राजालाही ते ठाऊक नव्हतं.

मग समई निळ्या शेल्याकडे गेली. काठ कोराच. तळ्यातल्या मांत्रिकानं भर दुपारी डोळ्यांना दिसलं तेवढंच उचलून हा तोतया घडवला होता. न दिसलेलं त्याला कुठून मिळणार? तोतया हसला. हसता हसताच तो पायांपासून वितळत गेला, आणि फरशीवर थोडं हिरवं पाणी उरलं. त्याच घटकेला तळं आटलं, मांत्रिकाचा खेळ संपला.

प्रधानानं राजाचे पाय धरले. राजाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो काठ वाचत होता.

"दर वेळी लिहीत होतीस?"

"दर वेळी."

राज्याची घडी पुन्हा बसली. राणी मात्र अजूनही परतलेल्या राजाला आधी उंबऱ्याच्या आत उभं करते, शेला पांढरा होईतो थांबते, आणि मगच पान वाढते.