डाळिंबाची जास्तीची फांदी

समुद्रकाठच्या एका नगरात एक राजा होता, आणि त्याच्याकडे आजोबांच्या वेळी चीनहून गलबतातून आलेला एक मोठा वाडगा होता. पांढराशुभ्र, त्यावर निळ्या रंगात डाळिंबं आणि पीच.

राजाच्या वडिलांपासून हुकूम होता: चिनी भांडं ज्याच्या हातून फुटेल, त्यानं सूर्य मावळायच्या आत नगर सोडायचं. माणसांपेक्षा भांड्यांना जपणारी घरं असतात, त्यातलंच हे एक.

भांडी सांभाळणारी बाई चाळीस वर्षं तिथं राबली होती. एकदा धुताना तिची बांगडी लागली आणि वाडग्याला डाळिंबाखाली केसाएवढा तडा गेला. तिनं निळा रंग घेतला आणि तड्यावरून हुबेहूब फांदी काढली. पुढे राजाच म्हणाला, "वा! काय नाजूक फांदी आहे!" बाईला हसावं की रडावं कळेना.

मग राजपुत्राचं लग्न झालं. नव्या सुनेनं याच वाडग्यातून कढत खीर सासऱ्यांपुढे न्यायची, अशी घरची रीत होती.

खीर ओतली. सून पदरानं वाडगा धरून हळूहळू निघाली. बाईला फांदीच्या टोकाशी एक निळसर थेंब दिसला. मग दुसरा. कढत खिरीनं तडा उकलत होता.

आता वाडगा फुटणार होता, तोही सुनेच्या हातात. पोरीचे हात भाजणार, वर नगरही तिलाच सोडावं लागणार. बाईवर कुणाचा संशयसुद्धा येणार नव्हता. सात पावलं उरली. पाच उरली. बाई पुढे धावली.

"युवराणी, थांबा! खाली ठेवा तो!"

सुनेनं दचकून वाडगा चौरंगावर टेकवला, आणि लगेच त्याचे दोन तुकडे झाले. वाफाळती खीर जमिनीवर पसरली.

"महाराज, तडा माझ्या हातून गेला. ती फांदीही मीच काढली," बाई म्हणाली आणि तिनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या. "सूर्य मावळायला वेळ आहे. निघते मी."

राजानं फांदीचा तुकडा उचलून घेतला. "किल्ल्या राहू देत," तो म्हणाला. "तो हुकूम आजपासून रद्द."

दुसऱ्या दिवशी नोकरांनी तडे लपवलेली भांडी एकेक करून पुढे आणली. कुठं एक पान जास्तीचं, कुठं एक पीच. अशी सात निघाली. आठवी बशी राजानं स्वतः आणली.

"ही माझ्या हातून," तो ओशाळून म्हणाला. "वडिलांच्या भीतीनं कधी बोललो नाही."

बशीवर लहान मुलाच्या हातचं एक वेडंवाकडं डाळिंब होतं.

तात्पर्य इतकंच: शिक्षेच्या धाकानं तडे जायचे थांबत नाहीत, ते फक्त लपवले जातात, आणि लपवलेला तडा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात फुटतो.