देवझिरीच्या लाइनीचा गोळा

“भीती घालवायची आहे, की झाकायची?”

विसपुते मास्तरांनी हे विचारलं तेव्हा साल होतं एकोणीसशे एकोणऐंशी. वैशाख महिना, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन दोन दिवस झालेले. फैजपूरच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

भास्कर बडगुजर ओसरीवर बसला होता. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. कापत होते म्हणून.

“घालवायची,” तो म्हणाला. “सोमवारी कामावर हजर व्हायचंय.”

भास्कर रेल्वेच्या शाळेत पहिला आलेला. आडबाजूच्या एका स्टेशनावर असिस्टंट मास्तर. रूळ एकेरी, गाड्या दोन्हीकडून. अशा लाइनीवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून लोखंडी गोळा असतो. गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती, रूळ त्याचे. गोळ्याचं यंत्र बंद पडलं तर पुढच्या स्टेशनाला फोन करायचा, त्याचा होकार घ्यायचा, मग कागदी परवाना लिहायचा.

महिन्यापूर्वी यंत्र बंद पडलं आणि फोनही मुका झाला. समोरची गाडी रोज तासभर उशिरा येते, हे भास्करला पाठ होतं. त्याने परवाना लिहून दिला. ड्रायव्हर निघाला.

त्या दिवशी समोरची गाडी वेळेवर होती. रुळांवर मेंढरं आडवी आली म्हणून ती मध्येच थांबली, आणि दोन इंजिनं दोनशे पावलांवर समोरासमोर उभी राहिली. कोणाला खरचटलंही नाही.

“चौकशीत दोष फोनचा निघाला,” भास्कर म्हणाला. “मला नुसती ताकीद. तसा माझा हिशेब बरोबरच होता.”

 मास्तर निवृत्त स्टेशनमास्तर, वय पासष्टचं, अंगात बंडी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

“आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, निरोप दिलाय. म्हणाले, मास्तरांना सांग, तुमच्या हातून एक गोळा येणं राहिलंय.”

…

मास्तर उठले. खुंटीवरचा कंदील घेतला.

“खाली चल,” ते म्हणाले.

घराखाली तळघर होतं. पूर्वी तिथे धुराने केळी पिकवत. दोन खोल्या, मध्ये हातभर जाडीची भिंत. धूर किती वर्षांचा थांबलेला, पण गोडसर वास अजून भिंतीत होता.

कंदील वर गेला आणि भास्कर पायरीवरच थबकला.

खोलीभर कंबरेएवढ्या उंचीवर देवझिरीची छोटी लाइन पसरली होती. हीच लाइन दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत उपटली, रूळ बोटीत घालून कुठल्या मुलखात नेले ते कोणाला कळलं नाही. तिथे आता शेतं आहेत. इथे मात्र ती जशीच्या तशी होती. ओढ्यावरची मोरी, बाभळी, सारवे स्टेशनाचं कौलारू छप्पर, पाण्याची टाकी, टाकीखालची गळती दाखवायला हिरवा रंग. इंजिनं गोडेतेलाच्या डब्यांच्या पत्र्याची, पोटात गजराच्या घड्याळांची स्प्रिंग. भिंतीला भोक पाडून रूळ पलीकडच्या खोलीत नेले होते. पलीकडे देवझिरी.

“सहा वर्षं लागली,” मास्तर म्हणाले. “पेन्शनीत आल्यापासून दुसरं काही केलं नाही.”

भास्करला हसू आलं. भीती घालवायला बापाने याच्याकडे धाडलं होतं. खेळण्याकडे.

मास्तरांनी ते हसू पाहिलं. त्यांनी काचेची एक निळी गोटी त्याच्या तळहातावर ठेवली.

“हा तुझा गोळा. तू सारव्याला, मी देवझिरीला. किल्ली भरायची, गोटी शेवटच्या डब्यात टाकायची, चाकांपुढची खिटी काढायची. एकदा सुटली की परत बोलावता येत नाही. गोटी नसेल तर सोडायची नाही. टाइमटेबल भिंतीवर आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मास्तर दुसरा कंदील लावून पलीकडच्या खोलीत गेले. मधल्या भिंतीतून एक दोरी आली होती, तिला पितळी घंटी; गाडी सोडण्याआधीची घंटी म्हणजे लाइन मोकळी. ती वाजली. भास्करने गाडी सोडली. कर्रकर्र करत ती भोकात शिरली, पलीकडे पोचली, घंटी वाजली. थोड्या वेळाने गोटी घेऊन परत आली.

असं तासभर चाललं. भास्करचे हात कापायचे थांबले. मग तो कंटाळला. मग टाइमटेबलाच्या पुढे पळायला लागला, आणि एकदा पलीकडून मास्तरांचा आवाज आला, “रेल्वेच्या शाळेत घड्याळ बघायला शिकवत नाहीत का?” भास्करने ओठ चावला.

चार वाजून दहाला त्याने गोटी घालून गाडी सोडली. ती गेली. पोचल्याची घंटी झाली.

आता चार-पंचवीसला तिकडून एक गाडी गोटी घेऊन यायची होती, आणि चार-तीसला इकडून दुसरी सुटायची होती. ती भास्करने किल्ली भरून तयार ठेवली.

चार-पंचवीस झाले. काही आलं नाही.

चार-तीस.

त्याने दोरी ओढून विचारलं. उत्तर नाही.

चार-चाळीस. कंदिलाची वात फडफडली. भोकाच्या तोंडाशी काळोख होता, आणि त्या काळोखात काहीतरी आहे असं त्याला वाटायला लागलं. त्याने वाकून पाहिलं. दिसलं नाही.

मग घंटी वाजली. लाइन मोकळी.

भास्करचा हात खिटीवर गेला. मग त्याने दुसरा तळहात उघडून पाहिला. रिकामा.

घंटी परत वाजली. लाइन मोकळी.

“मास्तर, तुमची गाडी कुठे आहे?”

“इथेच आहे. सोड.”

आवाज मास्तरांचाच.  पत्र्याची गाडी, काचेची गोटी. पलीकडे जुना मास्तर. वेळ टळून गेलेली. सोडली तर काय होणार होतं? त्या दिवशीही त्याने मनाशी हेच म्हटलं होतं, परवान्यावर सही करताना. अगदी हेच शब्द.

हात पुन्हा कापायला लागले.

“सोड म्हणतो ना,” पलीकडून आलं. “इथला मास्तर मी आहे.”

भास्करने खिटीवरचं बोट काढलं.

“गोळा नाही, मास्तर.”

…

पलीकडे कितीतरी वेळ काहीच हललं नाही.  भास्कर घाबरला. म्हातारा माणूस, एवढा उकाडा. तो धावत भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला.

मास्तर जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत भिंतीच्या भोकात. तोंड घामाने भिजलेलं.

त्यांनी हात सावकाश बाहेर काढला. बोटांनी अडवून धरलेली गाडी त्याबरोबर मागे आली. इतका वेळ भिंतीच्या आत, ऐन मध्यावर, ती उभी होती.

भास्करने कंदील जवळ नेला. डब्यांच्या प्रत्येक खिडकीत एक चेहरा रंगवलेला होता. सगळ्या बायका. तांदळाच्या दाण्याएवढे चेहरे आणि त्यांच्यावर मोहरीएवढं कुंकू. शेवटच्या डब्यात निळी गोटी.

“या कोण?”

“आखाजीला माहेरी निघालेल्या लेकी,” मास्तर म्हणाले. “एकेचाळीस साल. आखाजीचा आदला दिवस. मी सारव्याला होतो. वय सत्तावीस. माझ्यासारखा मास्तर साऱ्या लाइनीवर नाही, असं मला वाटायचं. तुझ्या बापाची गाडी माझ्यापुढे उभी होती. देवझिरीची गाडी सुटलीच नाही, अशी माझी खात्री. मी सुकलालला म्हटलं, सोड. तीनदा म्हटलं. शेवटी म्हटलं, इथला मास्तर मी आहे.”

भास्करने कंदील खाली ठेवला.

“आबा काय म्हणाले?”

“आत्ता तू म्हणालास ते.”

…

“मी नोकरीवरून काढायची धमकी दिली. तो इंजिनावरून उतरला आणि पायरीवर बसून बिडी ओढायला लागला. बिडी संपली नव्हती, तेवढ्यात मोरीवर धूर दिसला. देवझिरीची गाडी. या सगळ्या लेकी खिडक्यांतून हात हलवत होत्या.”

मास्तरांनी बंडीच्या टोकाने चष्मा पुसला.

“त्या गाडीने गोळा आणला. मी तो तुझ्या बापाला द्यायला गेलो, तर हात वर उचलवेना. शेवटी स्टेशनच्या सांधेवाल्याने दिला. सुकलालने कुठे तक्रार केली नाही. गाडी हलताना एवढंच म्हणाला, मास्तर, तुमच्या हातून एक गोळा येणं राहिलं. आठवड्याने त्याची बदली झाली. मग लाइनच उपटली.”

“तुम्ही नंतर गेला नाहीत?”

“तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो.”

 भास्करला बापाचा चेहरा आठवला. मुलाची हकीकत ऐकताना बाप नुसता बिडी ओढत होता. शिवी नाही, उपदेश नाही. शेवटी फक्त तो निरोप.

मास्तर भिंत धरून उठले. कोनाड्यातलं एक गाठोडं सोडलं. आत लोखंडी गोळा होता, मोठ्या लिंबाएवढा. वर ‘सारवे-देवझिरी’ अशी अक्षरं, बोटांनी झिजलेली.

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि पुढे केला. हात इतके कापत होते की गोळा तळव्यावर डुगडुगत होता.

भास्करने आपले हात पुढे केले आणि मागे घेतले.

“मास्तर, अडतीस वर्षं झाली. अजून हात कापतात?”

“धर. सुकलालला दे,” मास्तर म्हणाले.

भास्करने खालून ओंजळ लावली. त्याचे हातही थांबले नव्हते. लोखंडाचं ते गार वजन त्याच्या ओंजळीत उतरलं.

“दोघांचेही कापतायत,” मास्तर म्हणाले. “म्हणजे दोघंही जपून धरणार. पडायचा नाही.”