चुटकूची अर्धी चिठ्ठी

खारूताईच्या चुटकूची भूक हरवली हो! शेंगदाणा नको. पेरू नको. अंग गरम गरम. नुसतं निजून राहिलं बिचारं बाळ.

अस्वल डॉक्टरांनी थेंबभर रक्त काढलं. बाटलीत भरलं. चिठ्ठीवर ओढली एक रेघ, खर्रर्र!

"जा बगळेमामांकडे. ते तपासतील, मग औषध देतो."

खारूताई निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

मामांनी चिठ्ठी उलटी धरली, सुलटी धरली.

"अगं, रक्त कुणाचं? होतंय काय? मी शोधू काय? चिठ्ठी भरून आण, मग तपासतो."

खारूताई परत आली, तुरुतुरु तुरुतुरु.

"डॉक्टर, डॉक्टर, चिठ्ठी भरा ना!
मामा रक्त तपासेनात,
बाळ माझं जेवेना!"

"मला ठाऊक आहे की सगळं!"

"पण मामांना कसं कळणार?"

"अरेच्चा! खरंच की!" डॉक्टरांनी जीभ चावली. "रांग केवढी ही! घाई झाली गं. पण आता पेनातली शाई संपली. शाई आण, मग लिहितो."

खारूताई निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"जांभूळबाई, जांभूळबाई, शाईला जांभळं दे ना!
डॉक्टर चिठ्ठी लिहीनात,
मामा रक्त तपासेनात,
बाळ माझं जेवेना!"

"मुळं सुकली गं माझी. पाणी आण, मग देते."

तुरुतुरु तुरुतुरु.

"झरेदादा, झरेदादा, पाणी दे ना!
जांभूळबाई शाई देईना,
डॉक्टर चिठ्ठी लिहीनात,
मामा रक्त तपासेनात,
बाळ माझं जेवेना!"

"पानांनी वाट अडवली. खेकड्याला उचलायला सांग, मग वाहतो."

तुरुतुरु तुरुतुरु. दमली हो खारूताई!

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, पानं उचल ना!
झरा पाणी देईना,
जांभूळबाई शाई देईना,
डॉक्टर चिठ्ठी लिहीनात,
मामा रक्त तपासेनात,
बाळ माझं जेवेना!"

"पाठ खाजतेय! नांगी पोचत नाही! खाजवून दे, मग उचलतो."

"हात्तिच्या! एवढंच?"

खरखर खरखर! खरखर खरखर!

"अहाहा!" म्हणाला खेकडा. त्यानं पानं उचलली. झरा वाहिला, झुळझुळ. जांभळं पडली, टपटप. शाई झाली जांभळी जांभळी.

डॉक्टरांनी पेन भरलं.

"नाव?"

"चुटकू."

"वय?"

"परवाच दात आले."

"काय होतंय?"

"अंग तापलंय. भूक गेलीय हो!"

डॉक्टरांनी सगळं सगळं लिहिलं. टपोऱ्या अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं, "मामा, ताप कशाचा ते शोधा."

मामांनी वाचलं. भिंग लावलं. "आता कळलं, काय बघायचं! सापडलं गं, सापडलं!"

मामांचं उत्तर वाचून डॉक्टरांनी औषध दिलं. "माझ्यामुळे तुला हेलपाटे पडले गं," म्हणाले. मग रांगेकडे वळले. "या पुढे! आधी नाव सांगा बघू!"

चुटकूनं औषध घेतलं. झोपला. उठला.

"आई, शेंगदाणा!"

कुटुर कुटुर, कुटुर कुटुर.

"आई, अजून!"

खारूताईला रडूच फुटलं. चुटकू जेवला, आणि पोट भरलं खारूताईचं!