टॉवेल हजर

एसटीत रुमाल टाकून जागा धरायची सवय निवृत्त अधिकारी गुळवणीसाहेबांनी क्रूझवरही आणली होती. सकाळी डेकवरच्या सावलीतल्या दोन आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकायचे आणि खुशाल नाश्त्याला जायचे. गुडघेदुखीने बेजार झालेल्या वेणूकाकू जरा टेकायला गेल्या, तर साहेब लांबूनच ओरडले, "टॉवेल दिसत नाही? टॉवेल आहे म्हणजे मी आहे!"

काकू दोन दिवस कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी कोची बंदर आलं. उतरायच्या दारात जहाजावरच्या अधिकारी बाई बजावत होत्या, "चारच्या आत परत या. माणसं मोजून जहाज सुटतं, कुणासाठी थांबत नाही."

"मला पाच वाजतील," साहेब गुरकावले. "कॅप्टनला सांगा, थांबायचं!"

बाई गांगरल्या. तेवढ्यात रांगेतून वेणूकाकू म्हणाल्या, "अहो, थांबायचं कशाला? मोजताना साहेबांना हजर धरा. त्यांचा टॉवेल आहे ना वर खुर्चीवर!"

सगळी रांग खो खो हसली.

साहेब साडेतीनलाच परतले. डेकवर काकू कठड्याशी उभ्या दिसताच टॉवेल उचलून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा तुम्ही."

"बसते. तुम्हीही बसा, उन्हातून दमून आलात," काकू म्हणाल्या. "टॉवेलला राहू दे उभं. दोन दिवस बसूनच होता तो."