पलीकडचे टोक

एकदा एक सेहेचाळीस वर्षांचा विद्यार्थी पाठीवर दप्तर लावून वर्गात शिरला, तेव्हा वर्गातली मुले उभी राहिली. त्यांना वाटले, सर आले. त्याने हातानेच बसा बसा अशी खूण केली आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून जाऊन बसला. संगणकांचे जाळे जोडायला शिकवणारा तो वर्ग होता. दहा दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, मध्ये जेवणाला अर्धा तास. आणि अकराव्या दिवशी प्रमाणपत्राची परीक्षा. दोन वर्षांत शिकायचे ते दहा दिवसांत डोक्यात कोंबायचे, असा हा प्रकार. डोके म्हणजे पोते नव्हे, हे ठाऊक असूनही लोक तिथे येतात, कारण आल्यावाचून गत्यंतर नसते.

वर्गाचे सर सत्तरीच्या घरातले होते. तारायंत्रापासून संगणकापर्यंत हयात गेलेली. बोलणे मोजके आणि चहा बिनसाखरेचा. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहिले आणि पुढे ते कोणाला पुसू दिले नाही : 'चूक आधी आपल्याकडे शोधा.' मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. मुकुंदने, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याने, ते काळजात उतरवून घेतले. त्याला त्यात नवे काही नव्हते. चूक आपलीच, हे तो घरूनच पाठ करून आला होता.

मुकुंदने एका टेलिफोन कंपनीत बावीस वर्षे केबली जोडल्या होत्या. खड्ड्यात उतरून, गुडघाभर पाण्यात उभे राहून, शेकडो बारीक तारांमधून जोडीची तार रंगावरून ओळखायची, हे त्याचे कसब. पुढे तांब्याच्या तारांचे दिवस सरले. कंपनीने त्याच्यासारख्यांना सांगितले की हे प्रमाणपत्र आणलेत तर नव्या खात्यात घेऊ, नाहीतर घरी बसा. मुदत त्या महिनाअखेरची होती. तो दोनदा परीक्षेला बसला आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकला. घरी दहावीतली मुलगी गाइड हातात धरून त्याला प्रश्न विचारायची. तो चुकला की बरोबर उत्तर ती हळू आवाजात सांगायची, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या हळू आवाजाने त्याच्या जिवाला जे लागायचे, ते नापास झाल्याने लागले नव्हते.

वर्गातली विशीतली पोरे त्याला काका म्हणत. केबलच्या टोकाला प्लग बसवायचा असला की सगळी त्याच्याकडे यायची, कारण आठ तारा तो न बघता ओळीत लावायचा. बाकी वेळी त्याची वही भरत जाई आणि डोके रिकामे राही, असे त्याचे त्यालाच वाटे.

पुढची गोष्ट कळायला एक गोष्ट सांगणे भाग आहे. राउटर म्हणजे एका जाळ्यातला निरोप दुसऱ्या जाळ्यात पोचवणारी पेटी. तिच्यात तार खोचायची जी जागा असते तिला पोर्ट म्हणतात. पेटी नवी असते तेव्हा तिचे प्रत्येक पोर्ट बंद असते. गंमत अशी की ते उघडायला 'उघड' असा हुकूमच त्या यंत्राच्या भाषेत नाही. 'शटडाउन' म्हणजे बंद हो. आणि उघडायचे असेल तर 'नो शटडाउन', म्हणजे बंद राहू नको. वर्गात त्याला 'नो शट' म्हणत, आणि तो द्यायला विसरणे ही तिथली रोजची चूक होती. कोणाच्या पोर्टवरचा दिवा लागला नाही की मागून आवाज यायचा, 'नो शट मारला का?' आणि तो दहातल्या नऊ वेळा मारलेला नसायचा.

आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुकुंदच्या फोनवर कंपनीचे परिपत्रक आले. नवे खातेच दुसऱ्या कंपनीकडे सोपवले जात होते. जुन्या माणसांच्या जागा रद्द. प्रमाणपत्र मिळवलेल्यांच्याही आणि न मिळवलेल्यांच्याही. त्याने ते चार वेळा वाचले, डबा न उघडता पिशवीत ठेवला आणि सरांपुढे जाऊन उभा राहिला. फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, मी पहिल्याच खेपेला पास झालो असतो तर ही वेळ आली नसती.

सरांनी मजकूर शेवटपर्यंत वाचला. त्यात असे कुठेही म्हटलेले नव्हते. पहिल्या खेपेला पास झालेल्यांनाही त्याच ओळीत घरी पाठवले होते. पण माणसाला स्वतःची चूक शोधण्याची एकदा सवय लागली की समोर छापलेली अक्षरेसुद्धा दिसत नाहीत. सरांनी फोन परत केला आणि एवढेच सांगितले की उद्या सकाळी नऊला या, तुमचे एक प्रॅक्टिकल बाकी आहे.

तो आला. टेबलावर संगणकाला जोडलेला एक राउटर होता आणि त्यातून निघालेली निळी केबल भिंतीतल्या भोकातून सरांच्या खोलीतल्या दुसऱ्या राउटरकडे गेली होती. खोलीला कुलूप होते. शेजारी कागद ठेवला होता आणि त्यावर सरांच्या हातच्या दोन ओळी : 'दिवा लावा. न लागल्यास कारण लिहा.' दुसऱ्या ओळीपुढे मोकळी जागा सोडलेली होती. मुकुंदने पहिली ओळ वाचली आणि कामाला लागला.

नो शट दिला, दिवा लागला नाही. पोर्टचा पत्ता पुन्हा टाकला. केबलचे टोक कापून नवा प्लग बसवला, मग पोर्ट बदलले, मग पेटीच बंद करून पुन्हा चालू केली. शट, नो शट, शट, नो शट, असे किती वेळा केले याची गणतीच राहिली नाही. अकराच्या सुमारास एका मुलीने त्याच्यासाठी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. तो फळ्यावरचे वाक्य बघायचा आणि पुन्हा आपल्याच पेटीत डोके घालायचा. एकीकडे डोळ्यांसमोर मुलगी दिसत होती, गाइडमध्ये बोट घालून बसलेली. एक वाजला तेव्हा त्याचे हात थांबले. त्याने 'शटडाउन' असे लिहिले, वीज गेली आली तरी ते तसेच राहावे म्हणून जतनही केले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला.

सर आले तेव्हा त्याने वळून पाहिले नाही. तो भिंतीशी बोलावे तसे बोलला. म्हणाला, सर, माझ्या डोक्यात हे जात नाही, परवाच्या परीक्षेतून माझे नाव काढा. नोकरी गेलीच आहे, तिसऱ्यांदा नापास होऊन घरी तोंड दाखवायला जायचे कशाला?

 खिशातून किल्ली काढून सरांनी आपली खोली उघडली. आतून कळफलकाचा थोडा आवाज आला. बाहेर येऊन ते म्हणाले, "बघा." मुकुंदने खुर्ची फिरवली. दोघेही दिव्याकडे बघत राहिले. दिवा लागला नाही.

"पलीकडचं टोक मी आत्ता उघडलं," सर म्हणाले. "सकाळपासून मीच ते बंद करून ठेवलं होतं."

मुकुंदला हे समजायला वेळ लागला. समजले तेव्हा तो उठून उभा राहिला. बावीस वर्षांत वरिष्ठांपुढे त्याचा आवाज कधी चढला नव्हता, तो आता चढला. "म्हणजे चार तास मी जे करत होतो, त्यातलं काहीच चुकलं नव्हतं? आणि तुम्ही पलीकडे कुलूप लावून बसला होतात?"

"नव्हतं चुकलं. पहिल्या दहा मिनिटांतच तुमचं सगळं बरोबर झालं होतं. कागदावर दुसरी ओळ होती, ती तुम्ही वाचलीच नाही."

इथे थोडे थांबून माझे मत सांगतो. खचलेल्या माणसाला असे चार तास राबवणे मला अजूनही पटलेले नाही. सरांनाही ते पुरते पटले नसावे, कारण ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि काही वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

मुकुंदचा राग लवकरच ओसरला, कारण त्याला एक गोष्ट खटकली. त्याने विचारले की पलीकडचे उघडले, तर आता दिवा का लागत नाही? सरांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पोर्टच्या नावापुढे इंग्रजीत दोन शब्द होते : 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन'. म्हणजे, हुकमाने बंद.

"मुकुंदराव," सर म्हणाले, "फळ्यावर मी तुम्हाला अर्धंच लिहून दिलं, ही माझी चूक. चूक आधी आपल्याकडे शोधायची, हे खरं. पण शोधून सापडली नाही, तर ती तिथे नाही, असं म्हणता आलं पाहिजे. पोर्ट दोन तऱ्हांनी बंद असतं. एक, पलीकडचं टोक मेलेलं असतं. त्याला आपल्या बाजूने कुठलाच हुकूम चालत नाही. दुसरं, आपणच आपल्याला हुकूम दिलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दिवा काही लागत नाही. चार तास तुम्ही पहिल्या तऱ्हेने बंद होता आणि दुसरी समजून स्वतःला बोल लावत होता. एक वाजता तुम्ही खरंच दुसऱ्या तऱ्हेने बंद झालात. त्यानंतर मी पलीकडचं उघडलं, तर तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही."

 मुकुंदने विचारले, "आणि कंपनीचं टोक? ते कोण उघडणार?"

"कोणी नाही. ते बंद झालं. त्याची किल्ली माझ्या खिशात नाही आणि तुमच्याही नाही. दुसरं कुठलं उघडेल का, मला माहीत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी उघडणं अवघड आहे. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

असे म्हणून सर उठले, आपल्या खोलीत गेले आणि पलीकडचे टोक त्यांनी पुन्हा बंद केले. कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. म्हणाले, "आता तुमचं उघडा."

"दिवा लागणार नाही, सर."

"नाही लागणार."

मुकुंद कळफलकापुढे बसला. बोटे ठेवली आणि तशीच राहू दिली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची लाज त्याला आता वाटत नव्हती. दिवा लागणार म्हणून पोर्ट उघडणे त्याने शेकडो वेळा केले होते. लागणार नाही हे ठाऊक असताना उघडायची ही पहिली वेळ. मग त्याने ते दोन शब्द लिहिले, बंद राहू नको, आणि जतन केले.

दिवा लागला नाही. पडद्यावरच्या ओळीत मात्र फरक पडला. मघाशी जिथे दोन शब्द होते तिथे आता एकच उरला : 'डाउन'. बंद तर बंदच होते, पण हुकमाने नव्हते. गळालेल्या शब्दाच्या जागेकडे तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने पेन काढले आणि कागदावरच्या दुसऱ्या ओळीपुढे लिहिले : 'पलीकडचे टोक बंद आहे. माझे उघडे आहे.'

सरांनी कागद वाचून त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. त्या गुणांचा त्याला कुठेही काही उपयोग होणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. मुकुंदने गार झालेला चहा सायीसकट पिऊन टाकला, दप्तर उचलले आणि निघता निघता एवढेच विचारले, की परवा किती वाजता यायचे.