टिटवी का ओरडते

फार पूर्वी माळावर कोल्ह्याने व्यवस्थापनाचं विद्यापीठ काढलं होतं. टिटवीने तिथे तीन पावसाळे घासून पदवी घेतली आणि पुढे काय करू, असं कोल्ह्याला विचारलं.

"वाटा भरपूर आहेत," कोल्हा म्हणाला. "मुंग्यांचं वारूळ सांभाळ, नाहीतर मधमाश्यांचं पोळं चालव."

मुंग्या म्हणाल्या, "आमचं आम्ही बघतो, बाई. दाणा उचलता येतो का?" मधमाश्यांनी तर दारातूनच परत पाठवलं.

टिटवी माघारी आली तेव्हा कोल्हा हसला. "मग इथेच राहा. वाटेवर उभं राहायचं आणि नवी पिल्लं आत आणायची. तुझ्या आधीचे सगळे तेच करतात."

टिटवीने वाटेकडे पाहिलं. बगळा, साळुंकी, भारद्वाज, सगळे पदवीधर तिथे गोड बोलत उभे होते. तिला स्वतःला साळुंकीनेच आणलं होतं. आणि आता समोरून तिची धाकटी बहीण येत होती.

"सर, म्हणजे तीन पावसाळे तुम्ही मला जाळ्यातला दाणा बनवत होता," टिटवी म्हणाली. मग ती बहिणीच्या डोक्यावर घिरट्या घालत, घसा फाटेपर्यंत ओरडत राहिली, "मागे फिर."

बहीण मागे फिरली.

अजूनही माळावर कोणी पाऊल टाकलं की टिटवी तशीच ओरडते. तिचं ओरडणं अपशकुनी असतं, हे पहिल्यांदा कोल्ह्यानेच सांगितलं.